ब्रँडचे ऑनलाइन विपणन

ब्रँडचे ऑनलाइन विपणन म्हणजे एखाद्या व्यवसायाचे नाव, चिन्ह आणि त्यांच्याशी जोडलेला लौकिक आंतरजालावरील माध्यमांतून ग्राहकांपर्यंत पोहोचवण्याची प्रक्रिया होय. ब्रँडसाठी मराठीत ‘नाममुद्रा’ असाही शब्द वापरला जातो. शोधयंत्रे, समाजमाध्यमे, ध्वनिचित्रफितींची संकेतस्थळे, इमेल, संदेशवहनाची ॲप्स आणि व्यवसायाचे स्वतःचे संकेतस्थळ ही या विपणनाची प्रमुख माध्यमे आहेत.

ऑनलाइन विक्री आणि ब्रँडचे ऑनलाइन विपणन या एकमेकींना लागून असलेल्या, परंतु भिन्न गोष्टी आहेत. विक्रीसाठी केलेल्या जाहिरातीचे यश त्या आठवड्यात आलेल्या मागणीवरून मोजता येते. ब्रँडच्या विपणनाचा हेतू याहून दूरचा असतो: ग्राहकाला पुढे कधी त्या वस्तूची गरज भासेल तेव्हा त्याला हेच नाव आठवावे आणि त्या नावावर त्याचा विश्वास असावा. या विपणनाचे एक वैशिष्ट्य असे की, नाव व्यवसायाचे असले तरी ते जेथे झळकते ती जागा बहुधा दुसऱ्याच्या मालकीची असते. वर्तमानपत्रातील चौकट किंवा चौकातील फलकही भाड्याचाच असतो. मात्र तेथे जाहिरातदाराला आपण काय विकत घेतले हे नेमके ठाऊक असते. ऑनलाइन माध्यमांत जागेचा दर, तिचे नियम आणि क्वचित ती जागाच एका रात्रीत बदलते. या क्षेत्रातील बहुतेक वाद आणि बहुतेक फसलेले बेत या एका वस्तुस्थितीतून उद्भवले आहेत.

पूर्वपीठिका

संगणकांच्या जाळ्यावरून व्यापारी संदेश पाठवण्याचा पहिला नोंदवलेला प्रयत्न वर्ल्ड वाइड वेबच्या आधीचा आहे. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क या कर्मचाऱ्याने आर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकाच वेळी पाठवले. अनेकांनी संताप व्यक्त केला, तरी त्यातून कंपनीला ग्राहकही मिळाल्याचे थुर्क यांनी पुढे सांगितले. अनाहूत संदेशांचा उपद्रव आणि त्यांचा फायदा अशा रीतीने एकाच दिवशी जन्माला आले, असे म्हणता येईल.

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची आडवी पट्टी झळकली. ती आंतरजालावरील पहिल्या पट्टी-जाहिरातींपैकी एक होती आणि ती पाहणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोकांनी तीवर क्लिक केल्याचे सांगितले जाते. आज अशा जाहिरातीवर शंभरात एक क्लिक मिळाले तरी ते चांगले मानले जाते. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ‘कुकी’ ही तरतूद तयार केली. संकेतस्थळाला आपल्याकडे पुन्हा आलेला वाचक ओळखता यावा, एवढाच तिचा मूळ उद्देश होता. पुढे हीच तरतूद जाहिरातदारांना एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर ग्राहकाचा माग काढण्यासाठी उपयोगी पडली.

शोधयंत्रातील स्थान

एखादी गरज मनात आल्यावर मनुष्य स्वतःहून ती शोधयंत्रात लिहितो, म्हणून शोधयंत्र हे विपणनाचे सर्वांत मौल्यवान माध्यम ठरले. तेथे दिसण्याचे दोन मार्ग आहेत. एक विनामूल्य, म्हणजे संकेतस्थळाच्या गुणवत्तेमुळे नैसर्गिक निकालांत वर येणे. दुसरा पैसे देऊन जाहिरातीच्या जागेत येणे.

पहिल्या मार्गात गूगलच्या संस्थापकांनी १९९८ मध्ये मांडलेली कल्पना महत्त्वाची आहे: इतर संकेतस्थळांनी एखाद्या पानाला दिलेला दुवा हे त्या पानाच्या बाजूचे जणू मत असते, आणि वजनदार पानाचे मत अधिक मोलाचे. मतांना किंमत आली की ती विकत घेण्याचा व्यवहारही सुरू होतो. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ गूगलने आपल्या निकालांतून काही दिवस काढून टाकले. केवळ शोधयंत्राला दाखवण्यासाठी शब्दांनी भरलेली पाने तेथे तयार केली होती. २०११ मध्ये जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीसाठी विकतचे दुवे वापरले गेल्याचे ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने उघड केले आणि तिचे निकालांतील स्थान कोसळले. कंपनीने आपल्याला याची माहिती नव्हती असे सांगून विपणनाचे काम पाहणाऱ्या संस्थेला दूर केले. विपणन बाहेरच्या संस्थेकडे सोपवले तरी बदनामी ब्रँडच्याच नावे जमा होते, हे या प्रकरणातून दिसते.

जाहिरातीच्या जागेचा लिलाव

दुसऱ्या मार्गाची सुरुवात १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ या शोधयंत्राने केली. शोधशब्दासाठी जाहिरातदारांनी बोली लावावी आणि वाचकाने क्लिक केले तरच पैसे द्यावेत, अशी ती पद्धत होती. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ‘ॲडवर्ड्स’ ही सेवा सुरू केली व २००२ मध्ये तिच्यात लिलावाची पद्धत आणली. २०१८ पासून ही सेवा ‘गूगल ॲड्स’ या नावाने ओळखली जाते.

या लिलावात सर्वांत मोठी बोली लावणारा जिंकतोच असे नाही. बोलीबरोबर जाहिरातीची गुणवत्ता, म्हणजे ती शोधाशी किती जुळते आणि लोक तीवर क्लिक करण्याची शक्यता किती, हेही पाहिले जाते. एका सोप्या उदाहरणाने हे समजते. एका शब्दासाठी पहिल्या विक्रेत्याने प्रत्येक क्लिकमागे १० रुपयांची बोली लावली आणि त्याच्या जाहिरातीचा गुणवत्तांक ४ आहे. गुणाकार ४० होतो. दुसऱ्याची बोली ६ रुपयांची, परंतु गुणवत्तांक ८; गुणाकार ४८. वरची जागा दुसऱ्याला मिळते. शिवाय त्याला पूर्ण ६ रुपये द्यावे लागत नाहीत. खालच्याला मागे टाकण्यापुरती रक्कम, म्हणजे ४० भागिले ८, सुमारे ५ रुपये पुरतात. प्रत्यक्षातील गणित याहून पुष्कळ गुंतागुंतीचे असते आणि गुणवत्तांक कसा ठरला हे जाहिरातदाराला पूर्णपणे कळत नाही. लिलाव करणारा, मालाची प्रत ठरवणारा आणि हिशेब लिहिणारा एकच असतो. बाजार समितीत असा प्रकार कोणी चालवून घेणार नाही.

स्वतःच्याच नावाची बोली

लिलावात कोणताही शब्द येऊ शकतो. त्यात दुसऱ्या व्यवसायाचे नावही आले. ग्राहकाने एका ब्रँडचे नाव लिहून शोध घेतला असता सर्वांत वर प्रतिस्पर्ध्याची जाहिरात दिसू शकते. मग मूळ ब्रँडला स्वतःच्याच नावासाठी बोली लावावी लागते. वर्षानुवर्षांच्या कष्टाने कमावलेल्या नावाचे भाडे असे त्रयस्थाच्या खिशात जाते. लहान व्यवसायांना हा खर्च विशेष जाणवतो.

या प्रश्नावर न्यायालयांची भूमिका हळूहळू घडत गेली आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मार्च २०१० मध्ये लुई व्हिताँ या ब्रँडच्या प्रकरणात असे म्हटले की, शोधशब्द म्हणून चिन्ह साठवल्याने गूगल स्वतः त्या व्यापारचिन्हाचा वापर करत नाही; मात्र माल कोणाचा आहे हे सामान्य वाचकाला कळू नये अशी जाहिरात असेल, तर जाहिरातदार जबाबदार ठरू शकतो. भारतात अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स या नावाने सामान हलवण्याचा व्यवसाय करणाऱ्या डीआरएस लॉजिस्टिक्सच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने १० ऑगस्ट २०२३ रोजी निकाल दिला. व्यापारचिन्ह शोधशब्द म्हणून विकणे हा व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या अर्थाने त्या चिन्हाचा जाहिरातीतील ‘वापर’ आहे, असे न्यायालयाने ठरवले. केवळ असा वापर म्हणजे उल्लंघन नव्हे. ग्राहकाचा गोंधळ होत असेल किंवा चिन्हाच्या लौकिकाचा गैरफायदा घेतला जात असेल तर ते उल्लंघन ठरेल, असेही निकालात स्पष्ट केले. गूगल ही जाहिरात व्यवहारातील सक्रिय सहभागी असल्याने, उल्लंघन सिद्ध झाल्यास तिला माहिती तंत्रज्ञान कायद्यातील मध्यस्थाचे संरक्षण मिळणार नाही, हा या निकालाचा महत्त्वाचा भाग होय.

स्वतःच्या नावावर पैसे खर्च करणे नेहमी आवश्यक असते का, याचे एक उत्तर ईबे या कंपनीच्या प्रयोगांतून मिळाले. २०१२ मध्ये ईबेने काही शोधयंत्रांवर स्वतःच्या नावाच्या शब्दांवरील जाहिराती थांबवल्या. जाहिरातीतून येणारे ९९.५ टक्के लोक तरीही नैसर्गिक निकालांतील दुव्यावरून तेथेच पोहोचले. टॉम ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा यावरील अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सामान्य शब्दांवरील जाहिरातींचा उपयोग मुख्यतः नव्या किंवा क्वचित येणाऱ्या ग्राहकांपुरता होतो, असेही त्यात आढळले. हा निष्कर्ष आधीच प्रसिद्ध असलेल्या ब्रँडविषयी आहे. ज्याचे नाव अजून कोणी ऐकलेले नाही अशा व्यवसायाला तो जसाच्या तसा लागू करता येत नाही.

समाजमाध्यमे

समाजमाध्यमांनी ब्रँडला पैशाऐवजी कल्पकतेच्या बळावर पोहोचण्याची संधी दिली. याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण अमेरिकेतील युटा राज्यातील ब्लेंडटेक या मिक्सर बनवणाऱ्या कंपनीचे आहे. संस्थापक टॉम डिक्सन यंत्राची ताकद तपासण्यासाठी त्यात लाकडाचे तुकडे घालत असत. २००६ मध्ये कंपनीच्या विपणन प्रमुखाने हीच गोष्ट चित्रित करून यूट्यूबवर टाकली. पहिल्या काही फितींसाठी सुमारे ५० डॉलर खर्च आला होता. गोट्या, बागेतील दाताळे आणि पुढे आयफोनसुद्धा मिक्सरमध्ये दळून दाखवण्यात आले. या फिती गमतीदार होत्याच, पण गंमत आणि मालाचा गुण त्यांत एकच होते. अनुकरण करणाऱ्यांनी बहुतेक वेळा गंमत तेवढी उचलली आणि माल विसरला.

फेसबुकने नोव्हेंबर २००७ मध्ये व्यवसायांसाठी स्वतंत्र पाने आणि जाहिरातसेवा सुरू केली. असंख्य व्यवसायांनी वर्तमानपत्रांतून आणि दुकानांच्या पाट्यांवरून ‘आमच्या पानाला पसंती द्या’ असे आवाहन केले, म्हणजेच स्वखर्चाने आपले ग्राहक फेसबुकवर नेले. पुढे पानावरील मजकूर पसंती देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनाच विनामूल्य दिसू लागला. जानेवारी २०१८ मध्ये आप्तमित्रांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर झाल्यावर ही पोहोच आणखी घटली. आपण गोळा केलेल्या अनुयायांपर्यंत पोहोचण्यासाठी ब्रँडना आता जाहिरातीचे पैसे भरावे लागतात.

कधी माध्यमच नाहीसे होते. भारतात एके काळी अतिशय लोकप्रिय असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. त्याची पूर्वसूचना तरी मिळाली होती. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, तेव्हा तेवढीही सवड मिळाली नाही. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतूनही अनेक जण तेथे चित्रफिती करत होते आणि काहींचे उत्पन्न त्यावर अवलंबून होते. लाखो अनुयायी असलेल्यांना दुसऱ्या ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, कारण अनुयायांचा पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक त्यांच्याकडे कधीच नव्हता.

स्वतःच्या मालकीची माध्यमे

या अनिश्चिततेमुळे जुन्या वाटणाऱ्या दोन साधनांचे महत्त्व टिकून आहे: स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ आणि ग्राहकांची स्वतःची यादी. संकेतस्थळाचे नाव ठरावीक मुदतीसाठी नोंदवलेले असते व त्याचे नूतनीकरण वेळेवर करावे लागते, एवढे भान ठेवले तर ती जागा व्यवसायाच्या ताब्यात राहते. इमेलची यादी एका सेवेकडून दुसरीकडे नेता येते. भारतात २०१८ पासून व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप लहान व्यवसायांत पसरले. माध्यम परक्याचे असले तरी ग्राहकाचा क्रमांक व्यवसायापाशी राहतो, हा त्यातील फायदा. व्यापारी लघुसंदेशांसाठी मात्र दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रेषकाला आपले नाव आणि संदेशाचा नमुना आधी नोंदवावा लागतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने ग्राहकाची माहिती वापरण्यासाठी त्याच्या स्पष्ट संमतीवर भर दिला आहे. ‘बिल करताना क्रमांक सांगा’ ही दुकानांतील सवय या तत्त्वाशी फारशी जुळत नाही.

प्रभावक, परीक्षणे आणि कायदा

समाजमाध्यमांवर मोठा अनुयायीवर्ग असलेल्या व्यक्तींना प्रभावक म्हणतात. त्यांची शिफारस मित्राच्या सल्ल्यासारखी वाटते आणि तेच तिचे बळ असते; त्यामुळे ती पैसे घेऊन केली आहे हे लपवणे ही ग्राहकाची फसवणूक ठरते. मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषद या जाहिरात उद्योगाच्या स्वयंनियमन संस्थेने २०२१ मध्ये अशा मजकुरावर तो जाहिरात असल्याचे ठळकपणे लिहावे असे मार्गदर्शक नियम लागू केले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तशी शिफारस करणाऱ्या व्यक्तीला एक वर्षापर्यंत, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत, अन्य शिफारशी करण्यास मनाई करण्याचीही तरतूद आहे.

बनावट परीक्षणांचा उपद्रव याहून व्यापक आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक प्रसिद्ध केले. त्याचे पालन ऐच्छिक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ग्राहकाला नकळत खरेदीकडे ढकलणाऱ्या १३ छुप्या क्लृप्त्यांवर निर्बंध घातले. खोटी घाई निर्माण करणे, टोपलीत न मागितलेली वस्तू घालणे, वर्गणी रद्द करण्याची वाट लपवणे या त्यांपैकी काही होत.

मोजमाप

ऑनलाइन जाहिरातीचा मोठा दावा असा की, तिचा प्रत्येक रुपया मोजता येतो. हा दावा अर्धाच खरा आहे. क्लिक मोजता येते. परंतु क्लिक करणारा ग्राहक जाहिरात नसती तरीही आला असता का, हे क्लिक सांगत नाही. ईबेचा प्रयोग महत्त्वाचा ठरला तो याच कारणाने: तेथे जाहिरात थांबवून पाहिली गेली. प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने २०१७ च्या एका तिमाहीत डिजिटल जाहिरातींवरील खर्च १० कोटी डॉलरहून अधिक घटवला आणि विक्रीच्या वाढीवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही, असे जाहीर केले.

काही क्लिक तर माणसांचे नसतातच. २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या ‘मेथबॉट’ प्रकरणात भाड्याने घेतलेले संगणक माणूस असल्याची बतावणी करून जाहिराती ‘पाहत’ होते. त्याच्या सूत्रधाराला २०२१ मध्ये न्यू यॉर्कमधील न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा सुनावली.

ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवरील ॲप्सना माग काढण्यापूर्वी वापरकर्त्याची परवानगी घेणे बंधनकारक केले. त्यामुळे २०२२ मध्ये आपले सुमारे १० अब्ज डॉलरचे उत्पन्न बुडेल, असा अंदाज फेसबुकची मालक कंपनी मेटाने वर्तवला होता. गोपनीयतेच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्ह ठरला. मात्र नेमक्या ग्राहकापर्यंत स्वस्तात पोहोचण्यावर उभे असलेले अनेक छोटे ब्रँडही त्यात अडचणीत आले.

मराठी भाषा आणि स्थानिक ब्रँड

गूगल आणि केपीएमजी यांच्या २०१७ च्या अहवालानुसार २०१६ मध्ये भारतात भारतीय भाषांतून आंतरजाल वापरणारे २३.४ कोटी, तर इंग्रजीतून वापरणारे १७.५ कोटी होते. असे असूनही मराठी ग्राहकासाठीचा मजकूर बहुधा इंग्रजी किंवा हिंदी जाहिरातीचे यांत्रिक भाषांतर असतो. मराठीत शोध घेणारा एकच शब्द देवनागरीत, रोमन लिपीत किंवा दोन्हींच्या मिश्रणाने लिहितो, म्हणून शोधशब्दांची निवडही वेगळी करावी लागते. ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ या प्रत्ययाची देवनागरी नावे मराठीसाठीही उपलब्ध आहेत. तथापि अनेक अर्ज आणि इमेल सेवा असे पत्ते स्वीकारत नसल्याने व्यवसाय सहसा त्यांवर विसंबत नाहीत.

२०२१ च्या दिवाळीत कॅडबरीने एक वेगळा प्रयोग केला. यंत्रबुद्धीच्या साहाय्याने अभिनेता शाहरुख खान यांच्या तोंडी प्रेक्षकाच्या परिसरातील दुकानांची नावे घालण्यात आली, आणि दुकानदाराला स्वतःच्या दुकानाची अशी जाहिरात तयार करून घेता आली. किराणा दुकानाला एरवी न परवडणारा चेहरा मिळाला. लक्षात मात्र कॅडबरीचे नाव राहिले, हेही नमूद करायला हवे.

एका विक्रेत्याचे नसलेले नावही ब्रँड असू शकते. हापूस आंब्याला २०१८ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील फळापुरते आहे. हा हक्क त्या प्रदेशातील उत्पादकांचा सामूहिक असून तो वापरण्यासाठी बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. परंतु शोधयंत्राच्या लिलावात ‘देवगड हापूस’ या शब्दांवर कोणीही बोली लावू शकतो, आणि प्रत्येक क्लिकमागे अधिक पैसे मोजणे त्याला परवडते जो कमी भावाचा माल त्या नावाने विकतो. अन्य राज्यांतील आंबा हापूस म्हणून विकला जात असल्याच्या तक्रारी दर हंगामात होतात. ऑनलाइन विक्रीत तर ग्राहकाला पेटी उघडेपर्यंत फळ हाताळताही येत नाही. हंगाम मोजक्या आठवड्यांचा असल्यामुळे तक्रारीचा निवाडा होईपर्यंत आंबा संपलेला असतो. त्यामुळे थेट विक्री करणाऱ्या बागायतदारांना पहिल्या खरेदीपुरती जाहिरात करून पुढे ग्राहकांच्या यादीवर भर देणे अधिक परवडते. त्यासाठी पेटीत बागेचे नाव, गाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवतात, आणि पुढच्या वर्षी फळ तयार होऊ लागले की त्या ग्राहकांना व्हॉट्सॲपवर थेट निरोप पाठवतात.